लंगोट खुंटीला लागला, आता शिट्टी घेऊ का?

प्रश्न : वस्ताद, रामराम. मी शिराळा तालुक्यातला. दहाव्या वर्षी वडिलांनी तालमीत घातलं, आता अडतिसावं चालू आहे. कुस्तीशिवाय दुसरं काही केलं नाही. जत्रेची मैदानं मारली, कोल्हापूरच्या खासबागेत लढलो, जिल्ह्याच्या संघात होतो. महाराष्ट्र केसरीच्या गदेपर्यंत काही पोचलो नाही. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी लढत बंद केली. आता साखर कारखान्यावर हंगामी कामाला आहे, संध्याकाळी तालमीत पोरांकडून मेहनत करून घेतो. आमचे वस्ताद म्हणतात, पंचाची परीक्षा दे आणि शाळेच्या कुस्त्यांना पंच म्हणून उभा राहा. गावात लोक म्हणतात, लढता येईना म्हणून शिट्टी घेतोय. बायको विचारते, त्यात चार पैसे तरी आहेत का? त्यात माझा पुतण्या आणि तालमीतली पोरं याच स्पर्धांत उतरतात. अलीकडं पंचावर हात टाकायचे प्रकारही बघितले. काय करू?

उत्तर :

रामराम पैलवान.

तुमच्या पत्रातला सगळ्यात रोकडा प्रश्न वहिनींचा आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर. नाही, त्यात संसार चालेल एवढे पैसे नाहीत. शालेय स्पर्धेत पंचाला दिवसाचं मानधन मिळतं, गाडीभाडं मिळतं, दुपारचं जेवण मिळतं. मानधन त्याच संध्याकाळी हातात पडेल असंही नाही. सह्या होतात, कागद पुढं जातात, पैसे मागनं येतात. पंचगिरीवर चूल पेटवणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. जे वर्षानुवर्षं मॅटवर दिसतात ते क्रीडाशिक्षक असतात, पोलिसात असतात, नाहीतर घरची शेती आणि चार म्हशी असतात. तेव्हा कारखाना सोडायचं मनात असेल तर ते काढून टाका.

सोडायची गरजही पडणार नाही. तुमचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे पेटतो, आणि तालुका-जिल्ह्याच्या शालेय कुस्त्या बहुतेक त्याआधी, पावसाळ्यातच उरकतात. विभाग आणि राज्य पुढं थंडीत सरकतं, पण तिथं पहिल्या वर्षी तुम्हाला कोण बोलावतंय! वहिनींना सांगा, बॉयलर पेटायच्या आधीचे काही दिवस जातील, घरातला रुपया जाणार नाही, येणार मात्र थोडाच.

आता गावाचं बोलणं. लढता येईना म्हणून शिट्टी घेतली, हे खरंच आहे की! लढता येत असतं तर तुम्ही घेतली नसती, मीही घेतली नसती. यात लाजायचं काय ते मला कळलेलं नाही. खाशाबा जाधवांचं 1952 चं हेलसिंकी आपल्याकडं पोराटोरांना पाठ आहे : कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, बँटमवेट गट, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यातला एक भाग मात्र भाषणात कमी येतो. जपानच्या इशीबरोबरची दमछाक करणारी लढत संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत पैलवानासमोर उभं केलं. दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता, असं सांगतात. दमल्या अंगानं लढले आणि ती लढत गेली. त्याआधी 1948 ला लंडनमध्ये मॅटची सवय नसताना ते सहावे आले होते. अंगात कसली कमी होती त्यांच्या? नियम जाणणारं आपलं एक माणूस त्या दिवशी मॅटच्या कडेला पाहिजे होतं. पारावर कुणी टोमणा मारला तर हे ऐकवा. नाही ऐकवलं तरी चालेल, पारावरचे लोक उद्या दुसरा विषय धरतील.

मला काळजी आहे ती तुमच्या नजरेची. इतकी वर्षं तुम्ही मातीत घालवली आणि मातीत निकाल उघडा असतो. पाठीला माती लागली की मैदानभर ती दिसते, हलगी चढते, आणि वाद झालाच तर पैलवानाला पाठ फिरवून उभं करता येतं. मॅटवर पाठीला काही लागत नाही. दोन्ही खांदे टेकले की नाही, याला साक्षीदार तीनच : आतला पंच, बाजूच्या खुर्चीवरचा साईड पंच आणि टेबलावरचा मॅट चेअरमन. आतल्या पंचानं एकट्याच्या जोरावर चीतपट द्यायची नाही. त्यानं हात वर करून विचारायचं, उरलेल्या दोघांतल्या एकानं मान्यता दिली की मगच मॅटवर हात मारायचा आणि शिट्टी वाजवायची. जत्रेत फेटा बांधून फड सांभाळलेल्या माणसाला हे असं दुसऱ्याच्या तोंडाकडं बघणं फार जड जातं. चांगल्या चांगल्या पैलवानांना इथं ठेचकाळताना बघितलंय.

दुसरी खोड याहून चिवट. पैलवान पंच झाला तरी त्याचं अंग डावाबरोबर चालत राहतं. ज्याची स्वतःची ढाक (कंबर घालून समोरच्याला पाठीवर टाकायचा डाव) चांगली, तो समोरच्या पोरानं ढाकेला कंबर घातली रे घातली की गुणाची बोटं वर करून मोकळा, कारण पुढं काय व्हायचं ते त्याच्या अंगाला आधीच ठाऊक असतं. पण आठवीतल्या पोराची ढाक निम्म्यात मोडते. वरचा खाली येतो, खालचा अंगावर जातो, दोघंही रिंगणाबाहेर लोळतात, आणि पंचाची बोटं भलत्याच हाताची हवेत राहतात. टेबलावरचा मग गुण खोडत बसतो आणि कडेला दोन्हीकडचे वस्ताद उभे राहतात. डाव पुरा होऊ द्या, पोरं कुठं थांबतात ते बघा आणि मग हात वर करा. तुम्ही जितके चांगले पैलवान, तितकी ही खोड जायला वेळ लागेल.

हाताचंही सांगून ठेवतो. पंचाच्या डाव्या मनगटावर लाल पट्टी असते, उजव्यावर निळी. ऐकायला काहीच नाही. पण दोन पोरं गरगर फिरत असताना, घामानं त्यांचे लाल-निळे कॉश्च्युम काळपट पडलेले असताना लाल पैलवानाचे दोन गुण डाव्याच हातानं निघाले पाहिजेत. तालमीत संध्याकाळी पोरांच्या कुस्त्या लावता तेव्हा मनगटांना लाल-निळी चिंधी बांधा आणि नुसते गुण देत राहा. पोरं आठवडाभर हसतील, मग सवय होईल त्यांना.

बाकी नियम पाठ करायचे आहेत आणि ते तुम्हाला येतील. लहान गटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद. मोठ्यांना तीन-तीन मिनिटं. खाली आणून ताबा घेतला की 2, रिंगणाबाहेर गेला की समोरच्याला 1, उभ्यानं उचलून थेट पाठीवर टाकला तर 4. फ्रीस्टाईलला 10 गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथंच संपते, ग्रीको-रोमनला (कमरेखाली न धरता लढायचा प्रकार) 8 वर. गुण बरोबरीत सुटले तर आधी मोठ्या गुणाचा डाव कुणाचा ते बघतात, मग इशारे कुणाला कमी, मग शेवटचा गुण कुणाचा. जत्रेसारखी ‘बरोबरीत सोडवली’ ही सोय इथं नाही. एक ध्यानात ठेवा, हे पुस्तक बदलत असतं. 2013 साली ऑलिंपिकमधून कुस्ती जायची पाळी आली तेव्हा फेऱ्यांची आणि गुणांची सगळी मांडणीच फिरवली. मी लढत होतो तेव्हाचा नियम असा होता, हे वाक्य पंचाच्या तोंडी शोभत नाही.

आता शाळेच्या पोरांचं. तुमचं मन जर महाराष्ट्र केसरीच्या मॅटवर उभं राहायचं असेल तर ते आत्ताच सांगा, कारण पहिली कित्येक वर्षं तुमच्या वाट्याला 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट येणार, आणि त्यातही 14 चेच जास्त. हे पोर एकदा जवळनं बघा. कॉश्च्युम दुसऱ्याचा असतो, खांद्यावरनं घसरतो म्हणून मागं गाठ मारलेली. सरांनी नाव दिलं म्हणून आलंय, नाहीतर चुलत्याला हौस म्हणून आलंय. पहाटेपासून पाण्याचा घोट नाही, कारण ‘वजनात बसणार नाहीस’ असं कुणीतरी दटावलंय. ओठ पांढरे पडलेले असतात. पंचाला वजनाच्या काट्याजवळ उभं राहायला मिळालं तर अशा पोरांची नावं मनात टिपून ठेवावीत. दुपारच्या तिसऱ्या कुस्तीला त्यातलंच कुणीतरी भोवळ येऊन बसतं. नखं, अंगावरचं गजकर्ण, कानातली बाळी, हातातला गंडा हे तिथंच बघून घ्या. मुलींच्या वजनाला आणि तपासणीला शिक्षिका किंवा महिला अधिकारी आल्याशिवाय सुरुवात होऊ देऊ नका, संयोजक घाई करतील तरी.

अशा गटात बऱ्याचदा एक पोर तालमीतलं असतं आणि दुसरं नुसतं शाळेतलं. तालमीतला दहा सेकंदांत पट काढतो (पाय धरून खाली आणतो), मागं जातो आणि मोळी बांधायला घेतो. खालचा घाबरून कोपरं छातीशी ओढतो, मान आत घेतो. इथं पंचानं उभं राहून भागत नाही. गुडघ्यावर या, मग कोपरावर, मग पार गाल मॅटला टेकेपर्यंत खाली जा. खांदा आणि मॅट यांच्यात करंगळी जाईल एवढी फट असते, ती तिथनंच दिसते. तिथनं त्या पोराचं तोंडही दिसतं. कान लाल झाला, दात खाल्ले, नाकातनं फुरफुर आवाज आला, हे चालायचंच. पण मान एका अंगाला मुरगळून वरच्याचा भार तिच्यावर यायला लागला, किंवा पोरगं डोळे मिटून तोंडानं हवा ओढायला लागलं, की शिट्टी मारा. चीतपट अर्ध्या सेकंदावर असली तरी मारा. लहान गटांत समोरनं किंवा बाजूनं मानेवर टाकलेला दुहेरी नेल्सन (दोन्ही हातांनी मान दाबायचा डाव) नियमातच बंद आहे, पण तालमीत मोठ्यांचं बघून पोरं तो बिनधास्त टाकतात. तो तर हात घालतानाच तोडायचा. कडेनं ओरड होईल, ‘पंच, पडत होता की!’ होऊ दे ओरड. शालेय पंच कसा आहे हे मी त्यानं खालच्या पोराकडं किती बघितलं त्यावरनं ठरवतो. वरच्याकडं बघायला सगळं मैदान असतंच.

निष्क्रियतेच्या इशाऱ्याचंही तसंच. पुस्तकात लिहिलंय म्हणून तो लहान गटात तडातडा वाटणारे पंच मला आवडत नाहीत. मोठा पैलवान आघाडी घेऊन वेळ काढतो, त्याला जरूर द्या. तेरा वर्षांचं पोर जागच्या जागी थिजलंय ते वेळ काढत नसतं, त्याला पुढं काय करायचं तेच सुचत नसतं. ‘चल, कुस्ती कर’ एवढं शांतपणानं म्हटलं तरी त्याचे पाय हलतात. आणि कुस्ती संपल्यावर निकाल द्यायला दोघांची मनगटं हातात घ्याल, तेव्हा हरलेल्याचं जरा घट्ट धरा. रडत पळायच्या बेतात असतं ते. हस्तांदोलन करून, समोरच्या वस्तादाला हात देऊन मग जाऊ दे.

पोरांच्या मागं मोठ्यांचा हिशेब असतो, तोही माहीत असू द्या. स्पर्धेतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, पुढं चमकला तर सरकारी नोकरीत खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण आहे. त्यामुळं जिल्ह्याच्या फायनलला कडेला उभा असलेला बाप नुसती कुस्ती बघत नसतो, पोराची वर्दी बघत असतो. तो मोबाईलवर चित्रीकरण करतो आणि हळू गतीनं तुमच्या नाकासमोर धरतो. ते बघायचं नाही. अधिकृत कॅमेरा आणि चॅलेंजची (निर्णयाला हरकत घेऊन चित्रीकरण तपासायची) सोय असेल तर वस्तादानं रीतसर चॅलेंज टाकावं, हरला तर समोरच्याला 1 गुण जाईल. सोय नसेल तर तिघांतल्या दोघांचं मत हाच निकाल. एकदा का तुम्ही एका बापाचा मोबाईल बघितला की त्या दिवशी पन्नास मोबाईल बघावे लागतील.

हात टाकायच्या प्रकारांबद्दल. तुम्ही ज्याकडं बोट दाखवताय ते बहुधा 2025 च्या फेब्रुवारीतलं अहिल्यानगरचं महाराष्ट्र केसरी असावं. चीतपटीच्या निर्णयावरनं पैलवानानं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली, आणि त्या दिवशीच्या गोंधळावरनं दोन पैलवानांवर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर होता की चुकीचा, यावर अजून कट्ट्या-कट्ट्यावर वाद चालतो. मला त्यात पडायचं नाही. शालेय मॅटवर पोरं अंगावर येत नाहीत, येतात ते कडेचे. त्यावर उपाय एकच, तुम्ही त्यांच्याशी बोलायचंच नाही. वाद टेबलाचा, तो चेअरमननं बघायचा. ज्याचं नाव प्रवेशिकेवर प्रशिक्षक म्हणून आहे त्याच्याशिवाय कुणाला मॅटच्या कडेला उभं राहू देऊ नका, आणि हे सकाळी पहिल्या कुस्तीला पाळा. नाव बहुतेक क्रीडाशिक्षकाचं असतं आणि खरा वस्ताद गर्दीत असतो, त्यानं चिडचीड होते; ती सकाळी परवडते, दुपारी फायनलला परवडत नाही.

राहिला पुतण्या. यात मी कडक आहे. त्याची कुस्ती लागली की तुम्ही मॅटवर, साईडला, टेबलावर कुठंच नसायचं, आणि हे चेअरमनला वजनं सुरू व्हायच्या आधी सांगायचं. आयत्या वेळी उठून गेलात तर लोकांना तेही नाटक वाटतं. तालमीतल्या पोरांनाही तोच न्याय. ‘मी आपल्या पोरांना उलट जास्त कडक असतो’ म्हणणारे पंच असतात. त्या पोरांनी काय घोडं मारलंय की त्यांना जास्त कडक मिळावं? सोपं करायचं तर शिराळा तालुक्याची स्पर्धा सोडूनच द्या. वाळवा, पलूस, कडेगाव कुठंही लावा म्हणून सांगा, पंच सगळीकडंच कमी पडतात. जिल्ह्याला गाठ पडेल तेव्हा बाजूला व्हा. आणि ज्या दिवशी गळ्यात शिट्टी आहे त्या दिवशी कोपऱ्यातनं ‘धर, पाय धर’ असं ओरडायचं नाही, दोन कुस्त्यांच्या मध्येसुद्धा नाही. ज्याला हे जमणार नाही त्यानं वस्तादच राहावं. तेही कमी नाही, आणि तुमचं मन तिकडं जास्त ओढत असेल तर पंचाचा नाद सोडा. फक्त परीक्षा तरी द्या. नियम नीट माहीत असलेला वस्ताद लाभला तर तुमच्या पोरांचे फुकट जाणारे गुण वाचतील.

गुडघ्याचं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ‘लढू नको’ म्हणाले म्हणजे दिवसभर उठ-बस चालेल असं होत नाही, आणि मी वर सांगितलं तसं गाल टेकवायला गुडघ्यावरनंच खाली जावं लागतं, तेही प्रत्येक कुस्तीत दोन-चारदा. पँटच्या आतनं नीपॅड घाला. सुरुवातीला अर्धा दिवस साईड पंचाची खुर्ची मागून घ्या. त्यात कमीपणा नाही, कुस्ती सगळ्यात चांगली तिथनंच दिसते. यंदा पावसाळ्यात शेजारच्या तालुक्याच्या स्पर्धेला जा आणि टेबलावर गुण लिहायला बसू द्या म्हणून विनंती करा. दरम्यान जिल्हा तालीम संघात पंच परीक्षा आणि शिबिराची चौकशी करून नाव देऊन ठेवा.

आणि खुराक. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण लढत सुटलेल्या पैलवानाचा खुराक सहसा सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. थंडाई, बदाम, तुपातलं, रात्रीचं मटण सगळं तसंच आणि मेहनत पाव हिश्शावर. पंचाला पळावं लागतं, वाकावं लागतं, आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर दहा किलो जास्तीचे घेऊन दुपारी चारनंतर कुणी खाली वाकत नाही. उभ्यानंच चीतपट दिली जाते. तेव्हा परीक्षेचं पुस्तक मागवाल त्याच दिवशी वजनकाट्यावर उभे राहा. तूप निम्मं करा, बदाम हवे तर मूठभर ठेवा, आणि पोरं जोर मारतात तेव्हा बाजूला खुर्ची टाकून बसायचं बंद करा.